एनसीची पावती जपून ठेवा: अ‍ॅट्रॉसिटीचा तपास भरकटतो तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्याचे वडील ६१ वर्षांचे. वस्तीच्या नळाला आठवडाभर पाणी नाही म्हणून ते ग्रामपंचायत कार्यालयासमोर विचारायला गेले. तिथे गावातल्या एका वजनदार माणसाने पाच-सात जणांच्या देखत त्यांना जातीवरून शिव्या दिल्या आणि ‘तुमच्या वस्तीला पाणी सोडणारच नाही, काय करायचं ते करा’ असे सुनावले. बापलेक त्याच रात्री ठाण्यात गेले, तर हातात एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीची, पावती मिळाली. दुसऱ्या दिवशी त्यांनी एसपी ऑफिसला अर्ज दिला. अकराव्या दिवशी गुन्हा दाखल झाला, पण फिर्यादीत ‘जातीवाचक शिवीगाळ केली’ एवढे एकच वाक्य. आज सत्तर दिवस झाले. पाच साक्षीदारांपैकी दोघांचेच जबाब झालेत. समोरच्याने मारहाणीची उलट केस टाकली आहे आणि ‘तुमची केस बी समरीत जाणार (म्हणजे फिर्याद खोटी ठरवून बंद होणार), त्यापेक्षा मिटवून टाका’ असा निरोप येतो आहे. तपास दुसऱ्याकडे मागता येईल का, असे त्यांनी विचारले आहे.

येतो. पण ती शेवटची पायरी आहे. तिच्या आधी बरेच काही आहे आणि त्यातले निम्मे तुमच्याच घरात, कागदांच्या पिशवीत पडलेले आहे.

मी बावीस वर्षे जिल्हा न्यायालयात अ‍ॅट्रॉसिटी, म्हणजे अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालच्या केसेस चालवते आहे, बहुतेक वेळा फिर्यादीच्या बाजूने, मूळ फिर्यादीची वकील म्हणून सरकारी वकिलांच्या शेजारी बसून. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुनःपुन्हा पाहिली. माणसे अटकेसाठी भांडतात, मोर्चे काढतात, आणि केस मात्र त्याच्या आधीच, पहिल्या रात्री टाइप झालेल्या चार ओळींत, निम्मी हरलेली असते.

त्या चार ओळी कशा तयार होतात ते बघा. तुमचे वडील सांगतात, ‘मी ग्रामपंचायतीच्या पायरीपाशी उभा होतो, तो आतून आला, मला म्हणाला’ आणि पुढे ते शब्द. समोर बसलेल्या अंमलदाराला हे शब्द टाइप करायचे नसतात. कधी लाजेने, कधी ‘कशाला घाण लिहायची’ म्हणून, कधी ठरवून. तो लिहितो, ‘जातीवाचक शिवीगाळ करून अपमान केला.’ मग जागा येते. ‘ग्रामपंचायत कार्यालयासमोर, पायरीपाशी’ याचे नुसते ‘ग्रामपंचायतीत’ होते. हजर माणसांच्या नावांचे ‘इतर लोक’ होते. वाचून न दाखवताच सही घेतली जाते. दोन-तीन वर्षांनी उलटतपासात बचावाचा वकील उभा राहतो आणि अगदी गोड आवाजात विचारतो, ‘शिवी नेमकी काय होती हे तुम्ही फिर्यादीत सांगितले नाही, बरोबर? घटना कार्यालयाच्या आत घडली, बरोबर?’

कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) मध्ये अपमान किंवा जातीचे नाव घेऊन शिवीगाळ ‘लोकांच्या नजरेसमोर’ झालेली असावी लागते. हितेश वर्मा प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेली शिवीगाळ या कलमात बसत नाही असे म्हटले. त्याआधी, २००८ च्या स्वर्णसिंग निकालात, इमारतीच्या फाटकाजवळ, ये-जा करणाऱ्यांना दिसेल-ऐकू येईल अशा ठिकाणी दिलेली शिवी मात्र याच कलमात बसवली गेली. म्हणजे पायरी की खोली, या एका शब्दावर कलम टिकते किंवा उडते. अंमलदाराला हे ठाऊक असते. तुमच्या वडिलांना नसते.

म्हणूनच २०१५ च्या दुरुस्तीने कलम ४ मध्ये स्पष्ट कर्तव्ये लिहून ठेवली. तोंडी दिलेली माहिती लिहून घेतल्यावर सही घेण्याआधी ती फिर्यादीला वाचून दाखवायची, योग्य कलमे लावायची, प्रत लगेच द्यायची, जबाब नोंदवायचे, साठ दिवसांत तपास पुरा करून दोषारोपपत्र पाठवायचे आणि उशीर झाला तर त्याचे कारण लेखी द्यायचे. ही कर्तव्ये जाणूनबुजून टाळणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते एक वर्ष शिक्षा आहे. यात दोन खाचा आहेत. तो अधिकारी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर हे कलम त्याला लागत नाही. आणि गुन्हा नोंदण्याआधी प्रशासकीय चौकशीची शिफारस लागते. त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘साहेब, तुमच्यावर कलम ४ लावतो’ अशी धमकी देण्यात अर्थ नाही, साहेब मनात हसतात. त्यापेक्षा कलम ४ मधले कर्तव्य नेमके कोणते आणि कोणत्या तारखेला पाळले नाही, एवढेच थंडपणे लिहून द्या. धमकीपेक्षा तारखा जास्त टोचतात.

आता तुमच्या पिशवीकडे येऊ. ज्या एनसीचा तुम्हाला इतका राग आहे, ती जपून ठेवा. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा गुन्ह्याची हकिकत ऐकून एनसी देणे बेकायदा होते, यात वाद नाही. ललिता कुमारी निकालात घटनापीठाने २०१३ साली सांगितले आहे की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवणे बंधनकारक आहे. पण तुमच्यासाठी ती पावती आज सोन्यासारखी आहे. ‘अकरा दिवस उशिरा, विचार करून केलेली खोटी फिर्याद’ हा बचावाचा हुकमी मुद्दा असतो. घटनेच्या रात्री तुम्ही ठाण्यात होता याचा पुरावा पोलिसांनी स्वतःच्या शिक्क्यानिशी तुमच्या हातात दिला आहे.

दुसरा कागद म्हणजे एसपी ऑफिसचा अर्ज. त्यात तुम्ही वडिलांच्या तोंडचे शब्द, जसेच्या तसे, लिहिले होते का? आवक-शिक्क्याची प्रत आहे का? असेल तर निम्मे काम झाले. फिर्यादीत जे आले नाही ते आता पुरवणी जबाबात सांगितले तर बचाव त्याला ‘इम्प्रूव्हमेंट’ म्हणेल, म्हणजे मागाहून जोडलेली ठिगळे. पण तेच शब्द घटनेच्या दुसऱ्या दिवशीच्या अर्जात शिक्क्यासह असतील, तर ठिगळ म्हणायला जागा उरत नाही. प्रत हरवली असेल तर माहिती अधिकारात तोच अर्ज परत मागा. आपल्याच अर्जाची प्रत नाकारायला त्यांच्याकडे कारण नसते.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि मला सगळ्यात जास्त तीच खटकते. तुमच्या वडिलांचे भांडण शिवीचे नव्हते, पाण्याचे होते. फिर्यादीत मात्र पाणी कुठेच नाही! कलम ३(१)(झेडए) मध्ये सार्वजनिक विहीर, तळे, टाकी, नळ किंवा पाणवठा वापरण्यास जातीवरून अडवणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. चवदार तळ्याचे पाणी महाडला २० मार्च १९२७ रोजी प्याले गेले, आणि तरी २०२० च्या दशकात नळाचे पाणी फिर्यादीत शिरायला वकील लागतो. शिवीचा पुरावा माणसांच्या तोंडावर असतो, माणसे फिरतात. पाण्याचा पुरावा रजिस्टरवर असतो. नळयोजनेचे पाणी सोडण्याचे वेळापत्रक, वस्तीच्या व्हॉल्व्हची नोंद, पाणीपुरवठा कर्मचाऱ्याचा जबाब, शेजारच्या आळीला त्याच आठवड्यात पाणी आले होते का. हे सगळे ग्रामपंचायतीकडून माहिती अधिकारात मागा आणि तपासी अधिकाऱ्याला लेखी अर्ज देऊन कलमवाढ, म्हणजे गुन्ह्यात हे कलम जोडणे, मागा. कलमवाढ हा ठाण्यातला रोजचा शब्द आहे, त्यात नवल काही नाही. फक्त ती आपोआप होत नाही.

आता तपास कोणाकडे आहे ते बघा. या कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ७ म्हणतो की तपास किमान पोलीस उपअधीक्षक (डीवायएसपी) दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, आणि त्याची नेमणूक करताना त्याचा अनुभव, कुवत आणि न्यायबुद्धी लक्षात घ्यायची. प्रत्यक्षात अनेकदा काय होते? डीवायएसपी साहेब कागदावर, आणि जबाब घेतो त्यांचा रीडर (कार्यालयीन मदतनीस) नाहीतर ठाण्यातलाच फौजदार. साहेबांची सही नंतर. खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने केलेला तपास या कायद्यापुरता टिकत नाही असे निकाल आहेत. २०२० च्या बब्बू राठोड प्रकरणात तसेच झाले, फक्त भारतीय दंड संहितेचा भाग वाचला. म्हणजे ही चूक पोलिसांची, आणि फायदा आरोपीचा. राज्य सरकार कलम ९ खाली अधिसूचना काढून वेगळ्या अधिकाऱ्याला अधिकार देऊ शकते, म्हणून अंदाज बांधू नका. ‘या गुन्ह्याचा तपास कोणत्या अधिकाऱ्याकडे, कोणत्या आदेशाने, कोणत्या तारखेपासून आहे’ हे एका ओळीत लेखी विचारा. आणि साक्षीदारांना विचारा, जबाब घेताना समोर कोण बसले होते.

साक्षीदारांबद्दल थोडे सविस्तर. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही नसते, कायद्यानेच नसते. त्यामुळे ‘मी सगळं सांगितलं’ असे साक्षीदार म्हणतो आणि दोषारोपपत्राची नक्कल हाती आल्यावर कळते की ‘मला काही ऐकू आले नाही’ असे लिहिले आहे. यावर उपाय म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली, जुन्या १६४ खाली, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जबाब. त्यासाठी तपासी अधिकाऱ्याला लेखी विनंती करा आणि उरलेल्या तिघांची नावे, ते कुठे उभे होते आणि त्यांनी काय ऐकले, हे त्यातच द्या. कलम १८० खालचा जबाब व्हिडिओवर घ्यायचीही सोय आहे, तीही मागा.

जबाब झालेले ते दोघे डळमळताहेत असे तुम्ही लिहिले आहे. रागावू नका त्यांच्यावर. उद्या सकाळी त्यांना त्याच माणसाच्या शेतात खुरपायला जायचे असते. कलम १५अ साक्षीदारांच्या संरक्षणाबद्दल बरेच काही बोलते आणि नियम ११ मध्ये तपासाला व कोर्टात येण्याचा प्रवासखर्च व भत्ता पीडिताबरोबर साक्षीदारालाही आहे. हा भत्ता मागणारा माणूस मी क्वचित पाहिला. बुडालेली मजुरी मिळते असे कळले तर एखादा साक्षीदार तरी टिकतो. खैरलांजी आठवते ना? २९ सप्टेंबर २००६. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी आधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात साक्षीदार होत्या. त्या प्रकरणातले आरोपी जामिनावर सुटले त्याच दिवशी भोतमांगे कुटुंबाचे हत्याकांड झाले. पुढे तपास सीबीआयपर्यंत गेला, २००८ मध्ये भंडाऱ्याच्या कोर्टाने शिक्षा दिल्या, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू धरला नाही. सुरेखा यांचे पती भैय्यालाल भोतमांगे २०१७ साली गेले, तोपर्यंत ते लढतच होते. आज कलम १५अ(३) खाली जामिनासह प्रत्येक कार्यवाहीची वेळेवर नोटीस पीडिताला मिळण्याचा हक्क आहे, (५) खाली म्हणणे मांडण्याचा. हे कलम २०१५ च्या दुरुस्तीने आले. ते कशातून आले असेल, ते वाचताना मला नेहमी भंडारा आठवतो. तुम्ही कोर्टात आजच लेखी कळवून ठेवा की आरोपीच्या कुठल्याही अर्जाची नोटीस आम्हाला द्यावी, पत्ता आणि मोबाइल क्रमांकासह.

‘प्राथमिक चौकशी सुरू आहे’ असे त्या अकरा दिवसांत तुम्हाला सांगितले गेले. हे वाक्य आता नव्या रूपात परत आले आहे. २० मार्च २०१८ रोजी सुभाष काशिनाथ महाजन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गुन्हा नोंदण्याआधी प्राथमिक चौकशी आणि अटकेआधी मंजुरी अशा अटी घातल्या. प्रकरण आपल्याच राज्यातले. तारीखही तीच, महाडची. २ एप्रिलचा भारत बंद झाला, संसदेने कलम १८अ आणले, न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये ते निर्देश मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १८अ वैध ठरवले. म्हणजे चौकशीची गरज नाही. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये तीन ते सात वर्षांच्या दरम्यान शिक्षा असलेल्या गुन्ह्यात चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, आणि आपल्या कलम ३(१) ला कमाल पाच वर्षे आहेत. ठाण्यात हे बरोबर शोधून काढतात. माझे उत्तर ठरलेले आहे: १८अ हे विशेष कायद्यातले कलम आहे आणि कलम २० प्रमाणे तो कायदा इतर कायद्यांवर वरचढ आहे. हे दोन ओळींत लिहून दिले की बहुतेक वेळा विषय संपतो.

तसेच ‘जातीचा दाखला आणा, मग गुन्हा घेतो’. दाखला तपासात लागतो, गुन्हा नोंदायला नाही. फिर्यादीत आरोपीची जात लिहिली नाही म्हणून ती रद्द होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये आशाबाई अढागळे प्रकरणात सांगितले आहे. आणि तुमची जात त्याला माहीत नव्हती असे आरोपी म्हणाला, तर एकाच गावात राहून ओळखणाऱ्यासाठी कलम ८(क) मध्ये गृहीतकच आहे.

उलट केसबद्दल घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. माझ्या अंदाजाने दहातल्या सातेक अ‍ॅट्रॉसिटी केसेसना जोडीला एक क्रॉस केस असते, बऱ्याचदा विनयभंगाची किंवा लुटीची. तिची वेळ बघा. तुमचा गुन्हा दाखल झाल्यानंतर किती तासांनी आली? त्यात जखमेचा दाखला आहे का, तो कुठल्या वेळेचा? द्वेषाने खोटी फौजदारी कार्यवाही करणे हाच ३(१)(पी) खाली गुन्हा आहे. दोन्ही केसेसचा तपास एकाच अधिकाऱ्याकडे असावा अशी मागणी करा, नाहीतर दोन अधिकारी दोन वेगळे ‘सत्य’ तयार करतात. आणि ग्रामपंचायतीसमोरच्या किराणा दुकानाला कॅमेरा आहे का? त्याचे फुटेज काही आठवड्यांतच पुसले जाते, सत्तर दिवसांनी बहुधा गेलेच असेल, तरी डीव्हीआर (चित्रण साठवणारे यंत्र) जप्त करण्याचा अर्ज द्या. न मागितलेला पुरावा आणि मागूनही न जमवलेला पुरावा यांत कोर्टात मोठा फरक पडतो. ठाण्यातल्या कॅमेऱ्यांचे तसे नाही. परमवीर सिंग सैनी निकालाने (२०२०) ते चित्रण शक्यतो अठरा महिने ठेवायचे आहे. एनसीच्या रात्रीचे चित्रण जपून ठेवावे, असे पत्र आजच टाका.

आता बी समरी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: ए म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडत नाही, सी म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाचे, आणि बी म्हणजे फिर्यादच खोटी, द्वेषाने केलेली. बी झाली की खोट्या फिर्यादीबद्दल तुमच्यावरच खटला भरण्याची भीती दाखवली जाते, आणि ‘मिटवा’ हा निरोप त्या भीतीच्या खांद्यावर बसून येतो. लक्षात घ्या, समरी मंजूर करणे पोलिसांच्या हातात नाही, कोर्टाच्या हातात आहे. १९८५ च्या भगवंत सिंग निकालापासून फिर्यादीला नोटीस देऊन ऐकल्याशिवाय असा अहवाल स्वीकारता येत नाही. नोटीस आली की निषेध अर्ज द्यायचा. त्यात ‘पोलीस विकले गेले’ वगैरे लिहू नका. कोणता साक्षीदार तपासला नाही, कोणता कागद जमवला नाही, कोणते कलम लावले नाही, आणि त्यासाठी तुम्ही कोणत्या तारखेला अर्ज दिला होता, एवढेच लिहा. आत्ता जे पाच-सहा अर्ज तुम्ही शिक्क्यासह देणार आहात, तोच उद्याचा निषेध अर्ज आहे. कोर्ट पुढील तपासाचा आदेश देऊ शकते, थेट दखलही घेऊ शकते. अ‍ॅट्रॉसिटीच्या केसेस चालवणाऱ्या विशेष न्यायालयाला तो अधिकार कायद्यानेच दिलेला आहे.

बाहेरची दारे कोणती? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची दक्षता व नियंत्रण समिती, नियम १७ खाली, तीन महिन्यांतून एकदा बसलीच पाहिजे. पुढची बैठक कधी ते समाज कल्याण कार्यालयात विचारा आणि तुमचे प्रकरण विषयपत्रिकेवर घ्यायला लावा. जिल्ह्याच्या पोलीस प्रमुखांना ‘साठ दिवस उलटूनही दोषारोपपत्र का नाही’ याचे उत्तर तिथे चार लोकांसमोर द्यावे लागते. माझ्या अनुभवात अनुसूचित जाती आयोगाकडच्या दहा अर्जांपेक्षा ही एक बैठक जास्त काम करते. आयोगाला अर्ज करूच नका असे नाही. त्या आयोगाला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत आणि त्यांनी अहवाल मागवला की पोलिसांना आपली बाजू लेखी मांडावी लागते, ती प्रत तुमच्या कामाची. शिवाय नव्वद दिवसांत तपासाची प्रगती फिर्यादीला कळवणे संहितेच्या कलम १९३ ने बंधनकारक आहे, तुमचा नव्वदावा दिवस वीस दिवसांवर आला.

एवढे करूनही हलले नाही तर उच्च न्यायालय. तुमचा जिल्हा सांगलीचा, म्हणजे ऑगस्ट २०२५ पासून तुम्हाला मुंबईला जायला नको, कोल्हापूरचे सर्किट बेंच आहे. पण तपास बदलून मागताना न्यायमूर्ती पहिला प्रश्न विचारतात, ‘खाली काय केले?’ साकिरी वासू निकालाने (२००८) तपासावर देखरेखीचे अधिकार खालच्या कोर्टाला आहेत असे सांगून ठेवले आहे, त्यामुळे आधी विशेष न्यायालयात अर्ज, मग वर.

अर्थसाहाय्याबद्दल तुम्ही संकोचाने विचारले आहे, ‘पैशासाठी केलं म्हणतील’. म्हणू द्या. या कलमांना नियमाप्रमाणे एक लाख रुपये आहेत, त्यातले चतुर्थांश गुन्हा नोंदल्यावरच द्यायचे असतात. तो हक्क आहे, नाकारलात तरी बोलणारे बोलणारच.

राहिला तंटामुक्ती समितीचा निरोप. वडिलांना बैठकीला बोलावले आहे, जावे का? हा गुन्हा आपसात मिटवता येण्यासारखा नाही. तडजोडीवर केस रद्द करण्याचा अधिकार फक्त वरच्या न्यायालयांना आहे आणि तेही तडजोड दबावाखाली झाली नाही ना हे तपासतात. पारावरच्या सह्यांना किंमत शून्य. तिथे सही केलेला कागद मात्र उद्या ‘फिर्यादीची तक्रार नाही’ म्हणून समरीला जोडलेला सापडतो. मी हे दोनदा पाहिले आहे, एकदा तर अंगठा होता आणि माणूस साक्षर होता. जायचेच असेल तर वडिलांना एकटे पाठवू नका, कशावरही सही नाही, हजेरीच्या रजिस्टरवरसुद्धा नाही. आणि बैठकीला बोलावणारा फोन ठाण्यातून आला असेल, तर तो क्रमांक, तारीख आणि वेळ आजच वहीत लिहून ठेवा.